टेस्टमध्ये पास, रोजच्या वापरात निळी स्क्रीन : ओव्हरक्लॉकमधला दोष कसा शोधायचा

ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवले, अर्धा तास टेस्ट चालवली, तापमान आटोक्यात राहिलं, स्कोअरही वाढला. आठ-पंधरा दिवस छान गेले आणि मग मशीन आपलंआपण रिस्टार्ट व्हायला लागलं. व्होल्टेज जरा वाढवलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ओळखीच्यांची मशीन बघताना हा दोष माझ्यासमोर वारंवार येतो. बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट निघते : प्रोसेसर आणि रॅम दोन्ही एकदम वाढवलेले असतात आणि गडबड नेमकी कोणाची हे कधी वेगळं करून पाहिलेलंच नसतं. त्यातही सगळ्यांचा संशय आधी प्रोसेसरवर जातो. आधी रॅमकडे बघावं असं माझं ठाम मत झालं आहे, आणि का ते पुढे येईलच.

आधी लक्षणं

कोणतं लक्षण दिसतंय ते नीट टिपून ठेवा. "मशीन बंद पडतं" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

• निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळं नाव : कधी "मेमरी मॅनेजमेंट", कधी "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया", कधी "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल". एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर सहसा तेच तेच नाव येतं. नावं बदलत राहिली तर रॅमवर संशय घ्या.

• "व्हिया अनकरेक्टेबल एरर" किंवा "क्लॉक वॉचडॉग टाइमआउट" : बहुधा प्रोसेसरच्या एखाद्या कोअरला (आतल्या स्वतंत्र गणकभागाला) त्या वेगाला लागणारं व्होल्टेज मिळत नाहीये. व्हिया म्हणजे विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी सोय.

• निळी स्क्रीन नाही, पण ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात, सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना अडकतं, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा जुळत नसल्याची चूक) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडते. हे शेवटचं लक्षण मी फार महत्त्वाचं मानतो. डिस्कवरची फाइल खराब असती तर दोन्ही वेळा एरर आली असती. एकदा येते, एकदा येत नाही, म्हणजे वाचताना मध्येच कुठेतरी बिट बदलतोय.

• पूर्ण लोडवर तासन्‌तास ठीक, पण मशीन रिकामं पडलेलं असताना किंवा साधं वाचन चाललेलं असताना बंद.

• सकाळी पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काळी, बंद करून पुन्हा चालू केलं की सुरळीत.

• लोड पडताच वीज गेल्यासारखं झटक्यात बंद. निळी स्क्रीन नाही, काही नाही.

एक काम पुढचं काहीही करण्याआधी उरका : महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. रॅममध्ये चुकलेला बिट तसाच्या तसा डिस्कवर लिहिला जातो. महिनाभर अशा मशीनवर काम केलं तर फोटो आणि कागदपत्रं गुपचूप खराब होत राहतात आणि फाइल उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. बॅकअप घेताना ओव्हरक्लॉक बंदच ठेवा, नाहीतर बॅकअपही खराब निघायचा. आणि जुन्या चांगल्या बॅकअपवर नवा चढवू नका, वेगळ्या ठिकाणी ठेवा.

१. सगळं मूळ सेटिंगवर आणा

बायोसमधल्या (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधल्या) सध्याच्या सेटिंगचे फोनवर फोटो काढा, मग "लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स" निवडा आणि मशीन नेहमीसारखं वापरा. दोष जितक्या दिवसांनी येत होता त्याच्या निदान दुप्पट दिवस. याला एक पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो, आणि नेमका तोच नसल्यामुळे ही पायरी बहुतेक जण गाळतात.

मूळ सेटिंगवर दोष गेला तर तो ओव्हरक्लॉकचा. राहिला, तर वेग आणि व्होल्टेजशी खेळत बसण्यात अर्थ नाही. दोष विंडोजचा, ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा आहे.

इथे एक मेख आहे. काही मदरबोर्डचं डिफॉल्ट हे खरं डिफॉल्ट नसतं. "मल्टिकोअर एन्हान्समेंट" किंवा अशाच नावाची सोय आधीपासून चालू असते आणि वीजमर्यादा उठवलेली असते. ती शोधून बंद करा आणि मर्यादा प्रोसेसरच्या कंपनीने सांगितलेल्या ठेवा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आणखी एक गोष्ट. या पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन अस्थिरता येत होती. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) काढले (ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी) आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना "व्हिडिओ मेमरी पुरेशी नाही" असा संदेश येतो, ग्राफिक्स कार्डावर मात्र भरपूर मेमरी मोकळी असते, हे त्याचं ठळक लक्षण. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. असा प्रोसेसर मूळ सेटिंगवरही कोसळत असेल तर इथेच थांबा आणि वॉरंटीत बदलून मागा.

२. इव्हेंट व्ह्यूअर वाचा

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून "व्हिया-लॉगर"च्या नोंदी शोधा. "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद बघून लोक पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद झालं. कारण त्यात नसतं.

व्हियाची नोंद मात्र बोलकी असते. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरने सुधारून घेतली. १८ म्हणजे सुधारता आली नाही. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवर १९ क्रमांकासोबत "बस/इंटरकनेक्ट एरर" दिसली तर इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग झेपत नाहीये. डीडीआर४ रॅम ३६०० वर असेल तर फॅब्रिक निम्म्यावर, म्हणजे १८०० वर चालतं. रॅम ३८०० केली की फॅब्रिक १९०० मागतं, आणि ते प्रत्येक प्रोसेसरला जमत नाही. १८ क्रमांकासोबत "कॅश हायरार्की एरर" असेल तर कोअरचं व्होल्टेज अपुरं आहे. नोंदीत एपीआयसी आयडी, म्हणजे थ्रेडचा (कोअरवर एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) क्रमांक दिलेला असतो. प्रत्येक कोअरला दोन थ्रेड असतील तर साधारणपणे त्या आकड्याला दोनने भागलं की कोअर सापडतो : आयडी ६ किंवा ७ म्हणजे कोअर क्रमांक ३, मोजणी शून्यापासून. दर वेळी तोच कोअर येत असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

"सुधारलेली चूक आहे ना, मग काय बिघडलं?" असं विचारणारे भेटतात. सुधारलेल्या चुका रोज दिसत असतील तर न सुधारलेली वाटेवर आहे. शून्य नोंदी हाच निकष ठेवा.

३. उष्णता

एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून लोड द्या आणि सर्वांत जास्त तापमानाचा रकाना बघा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझेन ५००० मालिकेतल्या बहुतेकांची ९० आणि रायझेन ७००० मधल्या बहुतेकांची ९५. रायझेन ७००० मधले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत मुद्दामच जातात, तो बिघाड नव्हे. पण हाताने व्होल्टेज वाढवलेलं असेल तर मर्यादेला टेकलेल्या प्रोसेसरवर पुढची कुठलीही चाचणी फुकट आहे. तो स्वतःचा वेग कमी करून तग धरतो आणि टेस्ट पास झाल्याचं दिसतं.

प्रोसेसरची वीज साधारणपणे वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.० वरून ५.२ गिगाहर्ट्झला जाण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं असं धरा. वेग वाढला ४ टक्के, उष्णता वाढली सुमारे २१ टक्के. हा हिशेब मनात असला की शेवटच्या १०० मेगाहर्ट्झचा हट्ट आपोआप सुटतो.

तपासायचं ते असं : कूलरवरची धूळ, पंखा खरंच फिरतोय का, पाण्याचा कूलर असेल तर पंपाचा वेग शून्य तर दिसत नाही ना, आणि शेवटी थर्मल पेस्ट. कूलरचे स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की दुसरी बाजू उचलली जाते आणि काही कोअर इतरांपेक्षा दहा-पंधरा अंश गरम राहतात.

४. मशीन उघडून बघण्यासारखं

बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.

रॅमच्या दोनच पट्ट्या असतील आणि बोर्डावर चार खाचे असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात बसवायच्या असतात. मॅन्युअलमध्ये हे दोन खाचे ए२ आणि बी२ नावाने दाखवलेले असतात. चुकीच्या खाच्यात मूळ वेगावर काहीच कळत नाही, वेग वाढवला की एरर येतात. बऱ्याच नव्या बोर्डांवर खाच्याला एकाच टोकाला क्लिप असते. क्लिपच्या बाजूने "टक" आवाज आला की माणूस निर्धास्त होतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. टॉर्च मारून आडवं बघा : सोनेरी पट्ट्यांची कड खाच्याच्या वर एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दिसते का? दिसली तर पट्टी काढून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन पुन्हा बसवा. निम्मे "रॅम खराब आहे" इथेच बरे होतात.

सोबत प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची आठ पिनांची वायर पूर्ण आत गेली आहे का ते बघा. कनेक्टर पिवळसर पडला असेल किंवा वितळल्यासारखा दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

५. बायोस अपडेट

रॅम जुळवून घेण्याचं कामकाज बायोसमध्येच असतं, त्यामुळे नव्या आवृत्तीत रॅमच्या तक्रारी अनेकदा मिटतात. एएम५ सॉकेटच्या (रायझेन ७००० बसतो त्या) बोर्डांवर हे फारच दिसलं. २०२३ मध्ये रायझेन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ पर्यंत मर्यादित करणारी बायोस आणायला लावली. तुमच्याकडे त्याआधीची आवृत्ती असेल तर एक्स्पो (रॅमच्या पाकिटावरचा वेग लावणारी बायोसमधली सोय, इंटेलकडे तिचं नाव एक्सएमपी) चालू करण्यापूर्वी अपडेट करा.

अपडेट नेहमी मूळ सेटिंगवरच करायचं. अस्थिर रॅमवर बायोस लिहिताना मशीन अडकलं तर बोर्डच जायचा.

६. फक्त रॅम

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. प्रोसेसर पूर्ण मूळ सेटिंगवर, आणि फक्त एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू.

"मी तर रॅम ओव्हरक्लॉक केलीच नाही, फक्त एक्सएमपी लावलं," हे मी सारखं ऐकतो. एक्सएमपी हाच ओव्हरक्लॉक आहे. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपी बहुतेक वेळा १.३५ लावतं. डीडीआर५ चं १.१ आहे, प्रोफाइलमध्ये १.२५ ते १.४ सर्रास असतं. पाकिटावर छापलेला वेग रॅमच्या चिप गाठतात, पण तो पेलायचा असतो प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला, आणि त्या वेगाची हमी प्रोसेसरची कंपनी देत नाही. चार पट्ट्या लावल्या की ओझं आणखी वाढतं. रायझेन ७००० वर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांना फक्त ३६००. चार पट्ट्या लावून ६००० का चालत नाही याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. नंतर घेतलेला दुसरा संच पहिल्याच नावाचा असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. वाढवायचीच असेल तर एकाच पाकिटातला मोठा संच घ्या.

चाचणी पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या मेमटेस्ट८६ ने करा. विंडोज सुरूच होत नसल्यामुळे चुकीचा डेटा तुमच्या डिस्कवर लिहिला जायची भीती नाही. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, चारही होऊ द्या, रात्रभर लागली तरी. एकही एरर आली तर नापास. "एकच तर आली" याला अर्थ नाही.

ती पास झाली की विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर ही चाचणीची सॉफ्टवेअर लावा, आणि मग सोबत ग्राफिक्स कार्डालाही लोड द्या. हे का, तर रॅमच्या पेशींतला चार्ज गरम झाल्यावर लवकर गळतो. कार्डाची गरम हवा पट्ट्यांवर जाते, आणि थंड असताना रात्रभर पास झालेली रॅम गेमच्या दुसऱ्या तासाला चुकते. टायमिंग (रॅमला एकेका कामासाठी दिलेला वेळ) हाताने घट्ट केलेले असतील, विशेषतः टीआरईएफआय (पेशी पुन्हा चार्ज करण्यातलं अंतर) वाढवलेला असेल, तर हे हमखास घडतं. डीडीआर५ मध्ये "ऑन-डाय ईसीसी" (चिपमध्येच चूक सुधारण्याची सोय) आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ते चिपच्या आतल्या चुका सुधारतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही.

एरर आल्या तर आधी एक पायरी खाली या : ६४०० असेल तर ६०००, ३८०० असेल तर ३६००. गेला दोष? मग तिथेच राहा. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. वेग तोच ठेवायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. त्यानेही गेला नाही तर एक-एक पट्टी प्रमाणित वेगावर, एकाच खाच्यात तपासा. एकच पट्टी चुकत असेल तर ती खराब. सगळ्या एका खाच्यात चुकतात आणि दुसऱ्यात नाही, तर खाचा किंवा सॉकेट.

सकाळी पहिल्यांदा सुरू न होण्याचा दोषही इथलाच. सुरू होताना बोर्ड रॅमचं "ट्रेनिंग" करतो, म्हणजे तिच्याशी ताळमेळ जुळवून घेतो, आणि काठावरच्या सेटिंगवर ते कधी जमतं, कधी फसतं. डीडीआर५ वर पहिलं ट्रेनिंग काही मिनिटं चालू शकतं. काळी स्क्रीन बघून घाईने बटण दाबू नका.

७. फक्त प्रोसेसर

आता उलट करा. रॅम प्रमाणित वेगावर, एक्सएमपी बंद, आणि प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक चालू. इंटेलवर मल्टिप्लायर (बेस क्लॉक या मूळ वेगाला गुणणारा आकडा) वाढवायला के अक्षराचा प्रोसेसर आणि साधारणपणे झेड मालिकेचा बोर्ड लागतो. तो नसेल म्हणून बेस क्लॉक वाढवायच्या फंदात पडू नका, १०० वरच ठेवा.

प्राइम९५ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली "स्मॉल एफएफटी" कोअर आणि कूलर दोघांना घाम फोडते. पण तीच एक चाचणी करून थांबणं हेच "टेस्टमध्ये पास, वापरात नापास" याचं मोठं कारण आहे. सगळे कोअर पूर्ण लोडवर असताना वेग कमी असतो. खरा कस एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो तेव्हा लागतो, म्हणजे हलक्या कामात. रायझेनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) उणे ३० करून ठेवलेलं मशीन रिकामं असताना बंद पडतं ते यामुळेच. कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर एकेक कोअर आळीपाळीने तपासतं. ते रात्रभर लावा. जो कोअर चुकेल त्याचाच आकडा उणे ३० वरून उणे २५ किंवा २० वर आणा, सगळ्यांचा नको. बहुतेकदा सर्वांत चांगला मानलेला कोअरच आधी चुकतो, कारण त्याला सर्वांत वर पळवलं जातं.

स्कोअरही बघत राहा. व्होल्टेज फार कमी केलं की काही रायझेन कोसळत नाहीत, पण स्क्रीनवर वेग तोच दाखवून आतून संथ होतात. वेगाचा आकडा वाढला आणि स्कोअर घटला तर मागे फिरा.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोड पडल्यावर घसरणारं व्होल्टेज सावरणारी सोय) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू नका. लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पातळी पुरते.

एक धोक्याची खूण : सहा महिने १.२५ वर ठीक चाललेला प्रोसेसर आता त्याच वेगाला १.२८ मागतोय. तो झिजतोय. आणखी व्होल्टेज दिलं तर झीज वाढेल. वेग खाली आणा.

रॅम आणि प्रोसेसर वेगवेगळे पास झाल्यावरच दोन्ही एकत्र चालू करा. तेव्हाच दोष आला तर मेमरी कंट्रोलरवर दोघांचा ताण एकदम येतोय. रॅमची एक पायरी कमी करणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

मध्येच मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. वायर काढून सीमॉस क्लिअर करा, बटण किंवा जंपर नसेल तर नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ पदावर येतं. हे सगळं झाल्यावर विंडोजमध्ये एकदा "एसएफसी स्कॅननाऊ" आणि "चेकडिस्क" या फाइली आणि डिस्क तपासणाऱ्या आज्ञा चालवा, कारण आधीच्या महिन्यांत सिस्टिमच्या फाइली खराब झालेल्या असू शकतात.

कुठे थांबायचं

मूळ सेटिंगवर, एकाच पट्टीवर, नव्या बायोसवरही मशीन कोसळत असेल तर घरचे उपाय संपले. पुढची पायरी पार्ट बदलून बघण्याची आहे. त्यासाठी चालू स्थितीतला दुसरा बोर्ड, दुसरा प्रोसेसर हाताशी लागतो. तो दुरुस्ती करणाऱ्याकडे असतो.

जळका वास, काळवंडलेला कनेक्टर, पाण्याच्या कूलरमधून ओल, सॉकेटमधली वाकलेली पिन : यांपैकी काहीही दिसलं तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. वाकलेली पिन सुईने सरळ करायला गेलं की शेजारचीही जाते.

लोडवर झटक्यात बंद होणं उष्णतेमुळे नसेल तर पॉवर सप्लायवर संशय येतो. दुसरा चांगला सप्लाय जोडून बघणं एवढंच घरी करा. त्याचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहू शकते.

दुरुस्तीला देताना वहीतली पानं सोबत द्या : मूळ सेटिंगवर काय झालं, कोणती पट्टी कोणत्या खाच्यात चुकली, व्हियाची नोंद कोणत्या कोअरची होती. आणि ओव्हरक्लॉक केला होता हे स्पष्ट सांगा. त्याने वॉरंटीला अडचण येऊ शकते, पण ते लपवलं तर समोरचा माणूस चुकीच्या जागी शोधत राहील.